विहीणबाईंसाठी घेतलेला मोबाईल

लोक मोबाईल घेताना कॅमेरा बघतात. मी कान बघितले. माझं बोलणं त्याला नीट ऐकू येतं का, एवढीच माझी अट होती. मला त्याच्याकडून कन्नड शिकायचं होतं, आणि कन्नड शिकायचं होतं ते विहिणीपुढे हात जोडून माझी मुलगी मागायला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, एवढीच मागणी. त्यासाठी या वयात मी मोबाईलसमोर बसून बोबडे बोल काढले. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्यावं, पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

मुलीनं लग्न स्वतः जमवलं. पुण्यात नोकरीला होती, तिथेच कर्नाटकातल्या मंड्याकडचा मुलगा भेटला. मुलगा सरळ, निर्व्यसनी, घरचा ऊस. आमचाही ऊसच. आमचे हे म्हणाले, "ऊस तिकडचा काय अन् हिकडचा काय, गोडच." झालं लग्न. दोघं बेंगळुरूला राहायला गेली. अडचण एकच होती. विहीणबाईंना कन्नडशिवाय काही येत नव्हतं आणि मला मराठीशिवाय. मोडकंतोडकं हिंदी मी बोलते, पण त्यांना तेही नाही. लग्नात आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो आणि गाल दुखेपर्यंत हसलो. मुलगी मात्र हुशार. वर्षभरात कन्नड बोलायला लागली. तेव्हापासून आमच्या दोघींमध्ये तीच बसायची. विहीणबाई फोनवर चारपाच वाक्यं बोलायच्या, मुलगी मला एक सांगायची. मी चारपाच बोलायचे, तीही एकात आटपायची. मला वाटायचं, कन्नड भाषाच आटोपशीर असेल.

मागच्या दिवाळीला दोघं आमच्याकडे आली तेव्हा दिवस राहिल्याची बातमी घेऊन आली. आमचं गाव सोनईपासून जवळ. मी तिथं जन्मभर अंगणवाडी चालवली. गावातल्या कितीतरी बाळांची वजनं मी केली, त्यांच्या आयांना काय खा, काय नको ते सांगितलं, त्यांच्या सासवांशी भांडले. आता निवृत्त झाले होते आणि घरातच बाळंतपण येणार होतं. मी पाडव्यालाच यांच्यामागे लागून जुनी बाज नव्या सुंभानं विणायला टाकली. मागच्या खोलीला चुना दिला. डिंक आणि खारीक कुठून आणायची तेही ठरवून टाकलं.

भाऊबीजेच्या दिवशी मुलगी ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तू एवढी तयारी करू नकोस. सासूबाईंच्यात पहिलं बाळंतपण सासरीच करतात. त्या ऐकणार नाहीत."

मला धक्का बसला. मी म्हणाले, तू सांगून बघ. ती म्हणाली, सांगितलं, पण त्यांचा हट्ट आहे. विहिणीचा पापड वाकडा म्हणतात तो उगाच नाही, असं मी त्या दिवशी यांना म्हणाले. पुढचे काही महिने भाकरी थापताना मी त्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगत नाही.

जावयाला मात्र मी काही बोलले नाही. नुसतं विचारलं, तुमच्या आईशी मला बोलायचं असेल तर कसं बोलू? तो बिचारा खूश झाला. हिंदीत म्हणाला, "अम्मा, आप कन्नड सीखो ना." आणि त्यानं आपल्या मोबाईलवर एक ॲप उघडून दाखवलं. चित्र येतं, शब्द येतो, मग आपण बोलायचं आणि ॲप ऐकून बरोबर की चूक ते सांगतं. मी बोलले, हिरवी खूण आली. मला अंगणवाडीतल्या पोरांचा आनंद कळला. मुलगी आतून आली, तिनं ते बघितलं आणि हसली. म्हणाली, आईला कशाला हा व्याप, मी आहे ना सांगायला.

मी आहे ना. हे तीन शब्द तेव्हा मला मायेचे वाटले.

दोघं गेल्यावर मी माझ्या मोबाईलवर ते ॲप घ्यायला गेले. माझा मोबाईल म्हणजे पुतण्यानं वापरून दिलेला. एका कोपऱ्यात काच तडकलेली, जागा सदा भरलेली. त्या मोबाईलनंच स्पष्ट सांगितलं, हे ॲप या फोनवर चालणार नाही. यांच्याकडे तर बटणांचाच मोबाईल. म्हणजे नवा घेणं आलं. आणि घरात नवा मोबाईल घ्यायचा तर मुलीला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. टीव्ही तिनं सांगितला, मिक्सर तिनं सांगितला. मी तिला फोन केला.

ती म्हणाली, थांब, बघून सांगते. आठवडा गेला. मग मीच भाचीला विचारून एक नाव काढलं. मुलगी म्हणाली, त्याची रॅम कमी आहे, ॲप अडकत राहील. दुसरं सांगितलं. त्याचा माइक खराब असतो म्हणे. तिसऱ्याला बॅटरी टिकत नव्हती. चौथा घेऊ का म्हणाले तर, नवं मॉडेल येतंय, आत्ता घेशील तर पस्तावशील. मी तिचं सगळं ऐकत गेले. शेजारणीला कौतुकानं सांगितलं, आमची पोर मला साधा मोबाईलसुद्धा पारखल्याशिवाय घेऊ देत नाही.

संक्रांत झाली तरी मोबाईल नाही. मार्चमध्ये मंड्याला डोहाळजेवण ठरलं होतं. त्यांच्याकडेही सातव्या महिन्यात ओटी भरतात. मी हिशेब केला की असंच थांबले तर विहीणबाईंपुढे परत नुसती हसत बसेन. एका बाजारच्या दिवशी मी यांना म्हणाले, चला सोनईला. हे म्हणाले, "पोरीला इच्यारलं का?" मी म्हणाले, न्हाई, आणि विचारणारबी न्हाई. तिला चकित करायचं माझ्या मनात आलं होतं. आई विहिणीशी कन्नड बोलतेय हे बघून पोरीचं तोंड कसं होईल, याचं मला फार हसू यायचं.

स्टँडजवळ एका भाईंचं मोबाईलचं दुकान आहे. त्यांचे वडील तिथेच घड्याळं दुरुस्त करायचे. भाईंनी आधी कॅमेरा दाखवला. मी म्हणाले, फोटो काढायला माझ्याकडं काय आहे? मग गाणी लावून दाखवली. मी म्हणाले, मला ह्याला ऐकवायचंय, ह्याचं ऐकायचं न्हाई. तुम्ही ॲप घालून द्या, मी इथं उभी राहून धडा करते, ज्याला माझं बोलणं कळंल तो घेते. माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतोच की, मग मोबाईल का नाही?

भाई चांगले होते. त्यांनी स्वतःच्या नेटवर तीन मोबाईलांत ॲप घालून दिलं. बाहेर बाजाराचा गलका, टेम्पोचे हॉर्न, पलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. मी पहिला मोबाईल तोंडापाशी धरून म्हणाले, "ननगे नीरु बेकु." मला पाणी हवं, असा त्याचा अर्थ. लाल फुली आली. पुन्हा म्हणाले, पुन्हा फुली. दुकानात कव्हर घ्यायला आलेली माणसं थांबली. एक म्हातारा म्हणाला, बाई कुणाला शिव्या देतीय? आमचे हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, जणू माझी त्यांची ओळख नाही. दुसऱ्यानं दोनदा चूक दाखवली आणि मग अडकून बसला. तिसऱ्यानं त्या गलक्यात माझं पाणी पहिल्या बोलात ओळखलं. मी म्हणाले, हाच द्या. रंग कोणता, तेसुद्धा घरी आल्यावर बघितलं.

भाईंनी एक गोष्ट न विचारता शिकवली. आमच्या पत्र्याच्या घरात रेंज येत नाही म्हटल्यावर त्यांनी धडे आधीच उतरवून ठेवायचं कसं ते दाखवलं. त्यामुळे मला नेटसाठी ओट्यावर जावं लागलं नाही.

सकाळची कामं उरकली की मी मागच्या खोलीत, त्या नव्या विणलेल्या बाजेवर बसायचे आणि दार लावून धडा करायचे. शेजारी कडबाकुट्टी चालू असली तर पदराखाली तोंड घालून बोलायचे. त्या ॲपचं आपलं एकच चाललेलं असायचं, बेकु आणि बेडा. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. चहा बेकु, कॉफी बेडा. दूध बेकु, साखर बेडा. हे दोन शब्द मला झोपेतसुद्धा आले असते. हे चिडवायचे, म्हणायचे, "म्हातारपनी शाळंत घातली हिला." चहा मागायचा तर तेही बेकु म्हणायला लागले.

पण मला जे बोलायचं होतं ते ॲपच्या धड्यात कुठून असणार? बाळंतपण हा शब्दच त्यात नव्हता. तो मी मोबाईलच्या भाषांतरात शोधला. हेरिगे. मने म्हणजे घर. तवरु मने म्हणजे माहेर. तो शब्द वाचला तेव्हा माझ्या मनात आलं, ज्यांच्या भाषेत माहेराला वेगळा शब्द आहे, त्या बाईला माझं का कळणार नाही? मी एक वाक्य जुळवलं, पहिलं बाळंतपण आमच्या घरी. मोदल हेरिगे नम्म मनेयल्ली. ते पाठ केलं. दळण दळून आणताना म्हटलं, गवारी मोडताना म्हटलं. त्याच्याआधी नमस्कार आणि शेवटी हात जोडायचे, असं सगळं ठरवलं.

मार्चमध्ये आम्ही नगरहून गाडीनं गेलो. मंड्याजवळच्या त्या गावात दारापुढे मांडव होता, ऊस आमच्याकडच्यासारखाच उभा होता. मुलगी छान दिसत होती. पोट दिसायला लागलं होतं. तिला बघून मी सगळा राग विसरले. पुरुषमंडळी पुढे मांडवात बसली, आमचे हेही तिकडेच. ओटी भरून झाल्यावर विहीणबाईंनी मला हाताला धरून आत नेलं आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाट घेऊन बसल्या. मुलगी नेहमीप्रमाणे आम्हा दोघींच्या मध्ये बसली. मी मनात वाक्य गोळा करत होते. नमस्काराचा शब्द तोंडात आलाच होता.

तेवढ्यात विहीणबाईच बोलल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, हळू आवाजात, जरा दुखावल्यासारख्या. पुष्कळ बोलल्या. मला सगळं कळलं नाही. पण त्यात हेरिगे होतं. तवरु मने होतं. आणि शेवटी, माझ्या डोळ्यांत बघून, "नीवु याके बेडा अंद्रि?"

मी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "सासूबाई विचारतायत, प्रवासात त्रास नाही ना झाला? गुडघे कसे आहेत?"

मला वाटलं, माझंच चुकलं असेल. दोन महिन्यांची माझी विद्या, तिचा काय भरवसा? पोटच्या पोरीवर अविश्वास दाखवण्यापेक्षा मोबाईलवर दाखवावा. पण याके म्हणजे का, हे पहिल्या आठवड्यातलं होतं. आणि बेडा तर मला झोपेतसुद्धा कळलं असतं. गुडघ्यांना कुणी नको का म्हणालात असं विचारत नाही. मी विहीणबाईंना ॲपमधलं दुसरं वाक्य म्हणून दाखवलं, "निधानवागि हेळि." हळू सांगा.

विहीणबाईंचे डोळे मोठे झाले. विहीणबाईंनी मग एकेक शब्द सुटा सुटा करून, लहान पोराला भरवावं तसं मला पुन्हा सांगितलं. पहिलं बाळंतपण. माहेरी. रीत. बोट स्वतःकडे करून, आमच्यातही. मग बोट माझ्याकडे करून, तुम्ही. का. नको. म्हणालात.

त्यांच्याकडेही पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. त्या माझ्या बोलावण्याची वाट बघत होत्या. आणि त्यांना सांगितलं गेलं होतं की मुलीची आई नको म्हणते.

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मी पुष्कळ बायकांकडून ऐकलं होतं. आता माझा कापला गेला तो मीच वेणी घालून वाढवलेल्या केसांनी. मी पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कळलं नाही. नमस्कारही राहिला. तोंडातून आलं ते ॲपनं पाण्यासाठी शिकवलेलं. पाण्याच्या जागी मी मुलगी हा शब्द घातला.

"ननगे मगळु बेकु."

मला मुलगी हवी. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्या उठल्या आणि गॅसवरचं दूध उतू जाणार नव्हतं तरी ते बघत उभ्या राहिल्या.

मुलगी मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे पाण्याच्या टाकीपाशी आम्ही दोघी उभ्या होतो. ती आधी रडली. मी रडले नाही. मग म्हणाली, मला तिकडे यायचंच नव्हतं. मे महिन्यात आपल्याकडे लाइट नसते, बेंगळुरूची डॉक्टर ओळखीची आहे, गावातल्या बायका येऊन पोटाला हात लावतात, आणि तू डोकं बांधून शेगडीपाशी बसवशील. शेगडी म्हटल्यावर मला हसूच आलं, वाईट हसू. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी बंद करा म्हणून गावभर सांगत फिरले ती मीच. घराघरांत त्यासाठी बोलणी खाल्ली ती मीच. तेव्हा ही माझा पदर धरून बरोबर असायची.

"तुला खरं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" ती म्हणाली.

"नसतं ऐकलं. भांडले असते. पण तुझ्याशी भांडले असते. तू मला त्या बाईशी भांडायला लावलंस, तेसुद्धा मनातल्या मनात."

मग मी एकच विचारलं. "आणि मोबाईल?"

तिनं खाली बघितलं. रॅम, माइक, बॅटरी, नवं मॉडेल, सगळी उत्तरं मला तिच्या खाली घातलेल्या मानेत मिळाली. खरं सांगते, बाळंतपणाचं मी एकवेळ गिळलं असतं. तिचं शरीर, तिचं मूल, तिला हवं तिथे तिनं व्हावं. पण मला कळू नये म्हणून तिनं मला शिकू दिलं नाही. जन्मभर मी लोकांच्या पोरांना बाराखडी शिकवली. माझ्याच पोरीनं मला अडाणी ठेवायचं बघितलं, आणि मी शेजारणीला तिचं कौतुक सांगत होते. हे माझ्या मनातून जात नाही. जाईल असं वाटतही नाही.

निघताना विहीणबाईंनी माझी ओटी भरली. नारळ, गूळ, तांदूळ, साडी. मग सुनेला जवळ बोलावून तिचा हात माझ्या हातात दिला आणि रस्त्याच्या दिशेनं हात केला. घेऊन जा. अगदी साधं, कुणालाही कळेल असं. जे मागायला मी नगर जिल्ह्यातून एवढ्या लांब आले होते, ते त्या बाईनं न मागता माझ्या हातात ठेवलं होतं. मुलीचा हात माझ्या हातात घामेजला होता. तिनं तो काढून घेतला नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती, लहानपणी दवाखान्यात सुई टोचायच्या आधी बघायची तशी.

मी तिचा हात विहीणबाईंच्या हातात परत दिला.

"बेडा," मी म्हणाले.

आई नको म्हणते, असं ती सांगत फिरत होती. ते मी खरं करून टाकलं. विहीणबाईंनी मला मिठी मारली. त्यांना माझं सगळं कळलं असावं, पण मला तसं विचारता आलं नाही. तेवढे धडे अजून झाले नव्हते.

यांना यातलं काही माहीत नव्हतं. मांडवात बसून व्याह्यांबरोबर उसाच्या जातींवर खुणांनी गप्पा मारून ते खूश होते. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "मग, काय म्हनल्या इहीनबाई? धाडत्यात का पोरीला?" घरी मागच्या खोलीतली बाज त्यांनी स्वतः उन्हात बसून ताणून घेतली होती. पोरगी त्यांचा जीव की प्राण.

मी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "न्हाई ऐकत. त्यांच्यात पहिलं बाळंतपण सासरीच करत्यात."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लई हट्टी बाई दिसती." आणि थोड्या वेळानं, माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघून, "मला बी शिकीव की ते कन्नड. म्या बोलून बघतो त्येंच्याशी, हात जोडून."

"तुमच्या मोबाईलवर न्हाई चालायचं ते," मी म्हणाले.